पहाटे चारचा गजर आणि एकवीस दिवसांचा वायदा

कोल्हापुरातल्या गल्लीच्या, तालमीच्या, अपार्टमेंटच्या ग्रुपवर एक मेसेज दर थोड्या दिवसांनी फिरून येतो. त्यातला ऐवज असा: ब्राह्ममुहूर्तावर, म्हणजे पहाटे ४ ला उठा. दहा चांगल्या सवयी एकदम धरा. २१ दिवस खाडा नको, झाला तर पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजा. राग आला की जोरजोरात दहा श्वास घ्या. हेतूबद्दल तक्रार नाही, पण यातला एकेक आकडा तपासण्यासारखा आहे.

आधी चारचा गजर. मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं. प्रचलित गणितानुसार ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाआधी ९६ मिनिटं सुरू होतो आणि ४८ मिनिटं उरली की संपतो. म्हणजे तो सूर्याला बांधलेला आहे, घड्याळाला नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आणि कोल्हापूर ७४.२ वर, त्यामुळे इथला सूर्य घड्याळाच्या मागे साधारण ३३ मिनिटं चालतो. जानेवारीच्या मध्यात इथे सूर्योदय सातनंतर पाचेक मिनिटांनी होतो, तेव्हा ब्राह्ममुहूर्त साडेपाच ते सव्वासहा. मेअखेर सूर्य सहाच्या आसपास उगवतो, तेव्हा साधारण ४:२५ ते ५:१०. कोल्हापुरात चार वाजता तो वर्षभरात एकदाही लागत नाही! ज्यांना श्रद्धेने पाळायचा आहे त्यांनी तरी पंचांग बघून पाळावा.

यावर तालमीचा दाखला हमखास येतो. पैलवान पहाटे उठतातच, पण मेहनत आणि जेवण झाल्यावर दुपारी ताणून देतात आणि रात्री लवकर पाठ टेकतात. त्यांच्या झोपेची बेरीज भरते. मोठ्या माणसाला रोज किमान ७ तास झोप लागते. साडेअकराला जेवणाची भांडी आवरून चारला उठणाऱ्या बाईच्या वाट्याला चार तास येतात. अशा झोपेवर दुपारपर्यंत चिडचिड होते, चहा वाढतो, आणि संध्याकाळच्या चहाने रात्रीची झोप आणखी पुढे ढकलली जाते. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा तर चार वाजता मशिनवर उभा असतो. त्याने काय करायचं, यावर मेसेज गप्प आहे. त्याच्यासाठी घरी आल्यावर जाड पडदा, बंद फोन आणि सलग एक झोप, एवढंच आधी बसवणं पुरेसं.

लवकर उठायचंच असेल तर झोपायची वेळ आधी ओढा. दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटं, त्याहून जास्त नको. शेवटचा चहा झोपेच्या ६ तास आधी. उठल्यावर गच्चीत नाहीतर दारात, उजेडात १० मिनिटं.

आता २१ दिवस. हा आकडा अमेरिकन प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांच्या १९६० च्या पुस्तकातून निघाला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातलं ‘किमान’ वाटेत गळलं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. सवयींची प्रत्यक्ष मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केली: ९६ माणसं, १२ आठवडे. सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मधला आकडा ६६ आला, आणि अंदाजांचा पल्ला १८ पासून २५४ पर्यंत. एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडत नाही, हेही त्यातच दिसलं. त्यामुळे ‘पुन्हा पहिल्यापासून’ ही अट निव्वळ शिक्षा आहे. लागोपाठ दोनदा चुकलं तर काम अर्धं करा, दिवस मोजू नका.

दहा सवयी एकदम, हे कुणाच्याच घरात टिकत नाही. एकच घ्या आणि ती आधीच रोज होणाऱ्या कामाला टाचा. दुधाचं पातेलं गॅसवर चढवलं की ते तापेपर्यंत ओटा पुसायचा. चप्पल काढली की चावी खुंटीला. पण खुंटी चपलेच्या जागेपासून हातभर अंतरावरच हवी. ती आतल्या खोलीत असली की चावी टीव्हीवर जाते. ‘संध्याकाळी आवरायचं’ हेही लागू पडत नाही, कारण संध्याकाळ म्हणजे नेमकं कधी ते ठरत नाही. नळाच्या पाण्याची वेळ बदलत असेल तर तिलाही काही टाचू नका. रंकाळा तलावाची फेरी बहुतेकांची जूनच्या पावसात मोडते, म्हणून पर्याय मे महिन्यातच ठरवा: त्याच वेळी, तेच बूट घालून, जिन्यावर १५ मिनिटं. बूट महत्त्वाचे, पायात गेले की निम्मं काम झालं.

जोरजोरात श्वास घेणं मात्र उलट अंगावर येतं. भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, ओठांना-बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि घाबरलेला माणूस जास्तच घाबरतो. नाकाने ४ आकडे मोजत आत घ्या, ६ मोजत सोडा. मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटं. सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. दम लागला तर ३ आणि ४ वर या. हा सराव राग नसताना, रोज एकदा. ऐन भांडणात नवीन काही सुचत नसतं.

झोप उडणं, छातीत धडधड, कशातच मन न लागणं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर ते दिनचर्येचं काम नाही. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र, मोफत चालतो.