काउंटरवरच्या पोराला कायदा कोण शिकवणार?

कुठल्याही मेडिकलमध्ये भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये औषधविक्रीची लायसन्सं लावलेली असतात, नमुना २० आणि २१. शेजारी फार्मासिस्टचं नोंदणी प्रमाणपत्र, फोटोसकट. पण आपल्या हातात औषध ठेवणारा माणूस बहुतेक वेळा त्या फोटोतला नसतो. तो असतो बारावी झालेला, नाहीतर कॉलेज अर्धवट सोडलेला एखादा पोरगा. डॉक्टरांचं अक्षर त्याला माझ्यापेक्षा चांगलं लागतं, कुठलं औषध कुठल्या कप्प्यात हे झोपेतही सांगेल, आणि औषधांचा कायदा त्याला कुणी एका शब्दानेही सांगितलेला नसतो.

मी स्वतः नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे, त्यामुळे आधी आमच्याबद्दल. फार्मसी कायदा १९४८ चा. त्याचं कलम ४२ म्हणतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. मोडलं तर पूर्वी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होता. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने कैद तीन महिन्यांवर आली आणि दंडाची मर्यादा दोन लाखांवर गेली. १९४५ च्या औषध नियमांतला नियम ६५ थोडी वाट ठेवतो: फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली. त्या ‘देखरेखीखाली’मध्येच आपली सगळी मेडिकलं चालतात.

यावर भांडणं कमी झालेली नाहीत. महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे, म्हणजे एफडीएचे, आयुक्त असताना फार्मासिस्ट हजर नाही म्हणून कारवाया झाल्या, केमिस्टांनी दुकानं बंद ठेवली. सर्टिफिकेट भाड्याने देण्याचा धंदा तेव्हाही होता, आजही आहे, आणि त्यात आमच्याच भाईबंदांचा हात आहे. फार्मासिस्ट दुकानात हवाच, यात मला शंका नाही. पण समजा, तो आहे. संध्याकाळी सातला ओपीडी सुटली, काउंटरवर पंधरा माणसं, तीन पोरं औषधं काढतायत. फार्मासिस्ट प्रत्येक पिशवीत डोकावणार का? नाही. म्हणजे कायदा पाळला जातो की मोडला जातो, ते त्या तीन पोरांच्या हातात. त्यांच्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

आता त्यांना काय माहीत हवं? शेड्यूल एच वन सगळ्यात आधी, म्हणजे नोंद ठेवूनच विकायच्या औषधांची यादी. मार्च २०१४ पासून लागू आहे. सेफिक्झाइमसारखी पुढच्या पिढीतली अँटिबायोटिक्स, लिव्होफ्लॉक्सासिन, टीबीची औषधं, झोपेसाठी घेतलं जाणारं अल्प्राझोलाम, दुखण्यावरचं ट्रामाडॉल हे सगळं त्यात येतं. पाकिटावर लाल आरएक्स आणि लाल चौकटीत इशारा असतो. ही औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि दिली की वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचं. रजिस्टर तीन वर्षं जपायचं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ते महिनाअखेरीला एका बैठकीत, एकाच पेनने भरलं जातं. पोराला वाटतं हे इन्स्पेक्टरसाठी असतं. टीबीच्या औषधांची आणखी एक गोष्ट तर मालकांनाही ठाऊक नसते: २०१८ पासून अशा पेशंटची माहिती केमिस्टनेही सरकारी यंत्रणेला कळवायची आहे.

दुसरी गोष्ट ‘सेम कंटेंट आहे, हे घ्या’. दिवसातून शंभरदा बोललं जाणारं हे वाक्य नियमात बसत नाही. नियम ६५ सांगतो की शेड्यूल एच आणि एक्स या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या याद्यांमधल्या औषधाच्या जागी, घटक तोच असला तरी, दुसरं देता येत नाही. माझं मत विचाराल तर हा नियम बदलायला हवा. गरीब पेशंटला स्वस्त जेनेरिक सुचवायची मुभा फार्मासिस्टला असली पाहिजे. पण फार्मासिस्टला! काउंटरवरच्या पोराने जास्त मार्जिनची कंपनी काढून द्यायची नाही. कारण ‘सेम’ हे नेहमी सेम नसतं. मधुमेहाची साधी मेटफॉर्मिन आणि शरीरात हळूहळू सुटणारी एसआर मेटफॉर्मिन यांत त्याला फक्त दोन अक्षरांचा फरक दिसतो.

मग सुटं औषध. चार गोळ्या मागितल्या तर चारच्याच हिशोबाने पैसे घ्यायचे, छापील किमतीच्या वर काही नाही, एवढं तो जाणतो. पण कात्री कुठून लावायची? एक्सपायरी आणि बॅच नंबर असलेलं टोक शेवटपर्यंत दुकानात राहील अशी. आणि बिलावर दोन्ही हवेत. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात कोल्ड्रिफ कफ सिरपने लहान मुलं दगावली, काहींना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. हेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जेजे रुग्णालयात ग्लिसरॉलमधून आलं, १४ पेशंट गेले, त्याच्या चौकशीला लेंटिन आयोग बसला. कोल्ड्रिफच्या वेळी आपल्या एफडीएने बॅच नंबर देऊन विक्री थांबवायला सांगितलं. अशा वेळी ती बाटली कुठल्या घरात गेली हे शोधायला बिलाशिवाय दुसरं काहीही नसतं. आणि ‘बिल हवंय का?’ असं पोरगा विचारतो, जणू कॅरीबॅग!

सगळ्यात वाईट अडकतो तो नशेसाठी वापरल्या जाणाऱ्या गोळ्यांत. मालेगावात त्यांना कुत्ता गोळी म्हणतात, संभाजीनगरात बटण. पोरांना ही नावं पाठ आहेत, कारण त्यांच्याच वयाची मुलं मागायला येतात. अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल ही नुसती एच वन नाहीत, १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यातही बसतात. ओळखीच्या मित्राला चिठ्ठीशिवाय दोन पाकिटं दिली तर मालक ‘मला काय माहीत’ म्हणून हात झटकायला मोकळा, आणि पोलीस उचलतात ते दुकानात उभ्या असलेल्याला. महिना दहा-बारा हजारांसाठी केवढी जोखीम.

अज्ञानाची दुसरी बाजूही आहे. गर्भपाताच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायला बंदी नाही. पण कारवायांची इतकी धास्ती बसली की अनेक मेडिकलं त्या ठेवतच नाहीत, आणि रीतसर चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईकडे पोरगा गुन्हेगारासारखं बघतो. वरून चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने विचारतो, ‘कुणासाठी पाहिजे?’ पेशंटची गोष्ट पेशंटपाशीच ठेवायची, हेही त्याला सांगावं लागतं.

अमेरिकेत या कामाला फार्मसी टेक्निशियन असं नाव आहे. प्रमाणपत्राच्या परीक्षेत कायद्यावरचे प्रश्न असतात, आणि पेशंटला सल्ला द्यायचं काम फार्मासिस्टचं, टेक्निशियनचं नाही, ही रेघ त्याला पहिल्यापासून ठाऊक असते. तिकडचं सगळं उचलून आणा असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडे तर हा माणूस कागदावर नाहीच. १९४० च्या औषध कायद्यात विक्रेत्याने ‘स्वतः किंवा आपल्या वतीने दुसऱ्या कुणाकडून’ असे शब्द आहेत. त्यातला ‘दुसरा कुणी’ म्हणजे आपला पोरगा.

नवा डिप्लोमा काढू नका, त्याचीही दुकानं निघतील. जिल्हा केमिस्ट संघटनेने एफडीएच्या औषध निरीक्षकालाच बोलवावं, चार रविवार, मराठीत, आणि शेवटी छोटी परीक्षा. पास झाला त्याला ओळखपत्र. काही मालकांशी बोललो तर एकाने स्पष्टच सांगितलं, शिकवलं की पोरगं पगार वाढवून मागतं. मागू दे की! दोन लाखांच्या दंडापेक्षा स्वस्तच पडेल.

आमच्या दुकानातल्या मुलांसाठी मी हे सगळं एका पानात, मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवलंय. कुणा मेडिकलवाल्याला हवं असेल तर कॉमेंटमध्ये सांगा, पाठवतो. भाषा आणखी सोपी करता आली तर करा, फक्त एच वनचा भाग गाळू नका.