सगळ्या नोंदी पोलिसांना दिल्याने तस्करीचे बळी सापडणार नाहीत

एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय: ‘मानवी तस्करीचे 88 टक्के बळी कधी ना कधी दवाखान्यात येतात. डॉक्टर भीतीपोटी गप्प बसतात. सगळ्या रुग्णालयांच्या नोंदी आभा क्रमांकाने जोडा, संगणकाकडून चाळून घ्या, यादी थेट पोलिसांना द्या. अमेरिकेत हेच करतात.’ आभा म्हणजे सरकारचा डिजिटल आरोग्य-ओळख क्रमांक. पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे. पण हे अमलात आलं, तर ज्या मुलींसाठी ते मागितलं जातंय त्यांनाच सर्वांत आधी झळ बसेल.

88 टक्क्यांचा आकडा 2014 मधल्या एका अमेरिकी अभ्यासातला. लैंगिक तस्करीतून सुटलेल्या सुमारे शंभर स्त्रियांशी बोलून तो काढला. वीटभट्टीवरचे, घरकामाला डांबलेले लोक त्यात नाहीत. शिवाय दवाखान्यात गेल्याचं या स्त्रियांनी सुटकेनंतर सांगितलं. त्या समोर बसलेल्या असताना ज्यांना ओळखू आल्या नाहीत, त्यांनीच लिहिलेल्या कागदात संगणकाला काय दिसणार?

सरकारी रुग्णालयातला केसपेपर आठवा. नाव, वय, पत्ता, सगळं सोबत आलेली ‘मावशी’ सांगते; तीच बहुधा मुलीला डांबणारी. वय हटकून 19. खाली तीन शब्द: पोटदुखी, अंगावरून जाणं, पडून मार. वारंवार गर्भपात, गुप्तरोग, जुने व्रण या खुणा महत्त्वाच्या आहेतच. पण नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईच्या कागदावरही त्याच असतात, आणि स्वतःच्या मर्जीने देहविक्री करणाऱ्या प्रौढ स्त्रीच्याही. या स्त्रियांना पोलिसांनी त्रास देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये बजावलं. संगणकाच्या यादीत या सगळ्याच जणी येतील आणि दार ठोठावलं जाईल त्यांचं.

अमेरिकेचा दाखला तर उलटाच आहे. तिथे 1 ऑक्टोबर 2018 पासून निदानाच्या यादीत तस्करीसाठी वेगळे कोड आले. सक्तीची मजुरी वेगळी, लैंगिक शोषण वेगळं. संशयित वेगळं, खात्रीचं वेगळं. पण कुणीतरी त्या रुग्णाला एकटं गाठून विचारल्यावर, किंवा निदान तसा संशय मनात आल्यावर कोड लिहिला जातो. पुढचे उपचार आणि मोजणी यांसाठी तो आहे. रुग्णांना स्वतःच्या नोंदी मोबाइलवर लगेच दिसू लागल्यापासून तिथली धास्ती वेगळीच आहे: फोन जर तस्कराच्या हातात असेल, तर तो कोड आधी तोच वाचेल. आपल्याकडे आभाचा ओटीपी कुठे येतो? मोबाइलवरच. तो मोबाइल कुणाचा असतो, हे या मेसेजमध्ये कुणी विचारलेलं नाही.

डॉक्टर गप्प बसतात, याला काही अंशी आधार आहे. मात्र अठराच्या आतल्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखणाऱ्या कायद्याच्या, कलम 19 खाली पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. न कळवणं गुन्हा. तिथे नव्या कायद्याची गरज नाही. खरी अडचण वेगळी आहे: ओपीडीतल्या गर्दीत एका रुग्णामागे मिळतात काही मिनिटं, आणि दुभाषी म्हणून तीच ‘मावशी’ पुढे होते.

याद्या आणि धाडींचा अनुभव मुंबईला आहे. फेब्रुवारी 1996 मध्ये इथल्या कुंटणखान्यांवरच्या धाडींत चारशेहून अधिक मुली सोडवल्या. त्यांतल्या दोनशेहून अधिक नेपाळच्या. त्यांच्या एचआयव्ही चाचण्या झाल्या आणि तीच माहिती त्यांच्या घरच्या वाटेत आडवी आली. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला कचरत राहिलं. अखेर जुलैमध्ये तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी शंभराहून अधिक मुलींना नेलं. मधले महिने त्या सुधारगृहांत होत्या.

आरोग्याच्या माहितीचा उपयोग कसा करायचा, हे बीडमध्ये पाहावं. 2019 मध्ये ऊसतोड करणाऱ्या सुमारे 82 हजार बायकांची पाहणी झाली. तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्या सुमारास खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. ही तस्करी नव्हे, पण उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन बांधलेल्या मजुरीशी तिचं नातं आहे. हे चित्र दिसलं ते बायकांना विचारलं म्हणून, आणि त्यासाठी एकीचंही नाव ठाण्यात द्यावं लागलं नाही.

मागायचंच असेल, तर प्रत्येक जिल्हा रुग्णालयात दार बंद होईल अशी एक खोली मागा. सोबतच्या माणसाला बाहेर थांबवण्याचा नियम मागा. बंगाली, नेपाळी, तेलुगू बोलणारी बाई फोनवर तरी मिळू दे. वैद्यकीय समाजसेवकांची रिकामी पदं भरा. आणि तिने जे सांगितलं ते मोबाइलवर दिसणार नाही, कुणी उघडलं तर त्याची नोंद राहील, अशी सोय त्या आभामध्ये करा.