कुंडाचं तिकीट कोणाच्या हाती?

पावसाळा आला की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच वाद पेटतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि पुणे जिल्ह्यात प्रतिबंधात्मक आदेश निघाले. तेव्हापासून अर्धे नातेवाईक ‘सगळं बंदच करा’ म्हणतात, तर उरलेले विचारतात, निसर्गाला तिकीट कसलं? मेक्सिकोतल्या युकातानमध्ये राहून मला हे दोन्ही अपुरं वाटायला लागलंय.

इथे जमिनीवर नद्या जवळजवळ नाहीतच. चुनखडीत पाऊस मुरतो, आतला दगड विरघळत जातो, वरचं छत कोसळतं आणि खाली निळंशार कुंड उघडं पडतं. त्याला सेनोते म्हणतात. इथल्या मूळ रहिवासी माया लोकांची गावं या पाण्याच्या आधारानेच वसली. आता तिथे तिकीटखिडक्या आहेत.

पुण्याची मावशी आली तेव्हा चिचेन इत्झा या माया लोकांच्या प्राचीन नगरीच्या वाटेवरच्या एका गाजलेल्या सेनोतेत आम्ही गेलो. बसच्या बस भरून माणसं, लॉकर, लाइफ जॅकेटचं भाडं, बुफे आणि पाण्यात नुसती डोकीच डोकी. ‘पाण्यात उतरायचेही पैसे?’ मावशी चिडली. मलाही तिथे गुदमरल्यासारखं झालं. मात्र उतरण्याआधी अंघोळ करा, अंगाला सनस्क्रीन नको, हा नियम मला मनापासून पटतो. जमिनीखालचं हेच पाणी पुढे लोकांच्या नळाला येतं.

दुसऱ्या दिवशी तिला ओमून नावाच्या गावी, तिथल्या सेनोतेंवर नेलं. तिकीट तिथेही होतं, फक्त ते फाडणारी माणसं गावातली होती. मोटोटॅक्सीवाला कुंड दाखवतो, त्याच्या शेजारणीच्या खानावळीत जेवण. याच गावाच्या हद्दीत ४९,००० डुकरांचा कारखानावजा फार्म आला, तेव्हा पाणी नासेल म्हणून गाव उभं राहिलं. गावातल्या माया मुलांच्या नावाने दावा लागला आणि २०१८ मध्ये न्यायालयाने फार्मचं काम थांबवलं. पाण्यावर पोट असलेल्या गावानेच ते पाणी राखलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

गावाच्या हाती असा हक्क देणारा कायदा आपल्याकडे नाही असंही नाही. वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि पुढे गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला. मग सह्याद्रीतल्या धबधब्यांखालच्या गावांनाच परके का ठेवायचं? जिथे हा कायदा लागू होतो तिथे ग्रामसभेला हक्क द्या, बाकी ठिकाणी वनखात्याने लेखी करार करावा. तिकिटाचा पैसा, रोज किती माणसं सोडायची याचा आकडा, दोर आणि पोहणारी पोरं, सगळं गावाकडे असू द्या. डोंगरावर ढग दाटले की फाटक लावायचा अधिकारही त्यांनाच हवा, कारण ओढा कधी फुगतो हे त्यांना तालुक्याच्या कचेरीआधी कळतं.