एकत्र कुटुंबाची कमांड

परवा ऑफिसच्या टीम लीडने मला नेटवर्क तोडायचं काम दिलं. म्हणजे डॉकरमध्ये डेटाबेसचे तीन कंटेनर (एकाच मशीनच्या पोटात तीन वेगळी मशीनं असल्यासारखे) चालवायचे आणि त्यांच्या मधलं नेटवर्क मुद्दाम बिघडवून कोण कसं वागतं ते बघायचं. त्यासाठी ब्लॉकेड नावाचं कमांड लाइन टूल आहे, त्यात स्लो म्हटलं की डेटाची पॅकेटं रखडतात, फ्लेकी म्हटलं की गळतात (आमच्या घोडबंदर रोडच्या घरी हे दोन्ही केबलवाला टूलशिवाय देतो), आणि पार्टिशन म्हटलं की सरळ वाटणी.

कंटेनरना मी नावं दिली थोरला, मधला, धाकटा. थोरला लीडर, म्हणजे काय लिहायचं ते ठरवणारा. त्याला पार्टिशन मारून वेगळं काढलं, उरलेले दोघं आपोआप दुसऱ्या गटात गेले. आता तिघांत दोघं म्हणजे बहुमत, एकट्या पडलेल्याने मुकाट लिहिणं थांबवायचं असतं. पण थोरला कसला ऐकतोय, तो आपला मीच लीडर म्हणून लिहितोच आहे, अगदी आमच्या कळव्याच्या काकांसारखा, वाटणी होऊन 15 वर्षं झाली तरी गावच्या घराला रंग कुठला ते अजून तेच ठरवतात, आणि पैसेही तेच घालतात.

बग सापडला म्हणून मी खूश. मग जॉइन मारलं, म्हणजे तिघं परत एकत्र. थोरला ढिम्म! लॉग उपसले, टाइमआउट बदलून बघितले, अडीच वाजले, आमटी दोनदा गरम झाली. शेवटी ब्लॉकेड स्टेटस मारलं तर पार्टिशन तसंच! मग आठवलं, जॉइन टाइप केलं तेव्हाच घरचं वायफाय गेलं होतं, टर्मिनल गोठलं होतं, कमांड ऑफिसच्या मशीनपर्यंत पोचलीच नव्हती. नेटवर्क तोडायचा पगार मला आणि खरं काम केबलवाल्याचं.

परत जॉइन मारलं. दहा सेकंदांत थोरला सरळ झाला.

आई ताट घेऊन मागेच उभी होती. "एवढ्याशा कमांडने एकत्र झाले?"

"हो ना."

"आणि तो एकटा असताना त्याने जे लिहून ठेवलं होतं ते?"

"ते गेलं. बाकीच्या दोघांचं धरतात."

"मग काका कशाला येतील?" म्हणाली आणि ताट ठेवून गेली.