‘अँटिबॉडी सापडल्या, तरी औषध दिलं नाही’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. घरून आणलेला वीर्याचा नमुना आम्ही परत पाठवला, वेगळ्या तपासणीचे जादा पैसे लावले, शुक्रजंतूंना चिकटणाऱ्या अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीची प्रथिनं) सापडल्यावरही औषध न देता इक्सी (प्रयोगशाळेत करायचं फलन) सुचवली आणि दुसरीकडे मात्र स्टिरॉइड लगेच मिळालं, असं तुम्ही लिहिलंय. तुमचे रिपोर्ट इथे उघड करणार नाही. कारणं मात्र सांगतो, कारण हेच प्रश्न इतर जोडप्यांनाही पडतात.

वीर्याचा नमुना तासाभरात तपासायला घ्यावा लागतो. गुहागरहून एस.टी.ने चिपळूणला येईपर्यंत तो तास वाटेतच सरतो, पावसाळ्यात तर विचारूच नका. उशीर झाला की शुक्रजंतू मंदावतात, आणि अँटिबॉडी शोधणारी मार (MAR) टेस्ट हलत्या शुक्रजंतूंवरच होते. असा नमुना आम्ही घेत नाही, त्याचे पैसेही लावत नाही.

साध्या रिपोर्टात अँटिबॉडी दिसत नाहीत. शुक्रजंतू एकमेकांना चिकटलेले दिसले तर संशय येतो, तेवढंच. मार टेस्टमध्ये वीर्याच्या थेंबात लेटेक्सचे बारीक मणी मिसळतात. अँटिबॉडी असलेला शुक्रजंतू ते मणी अंगाला घेऊनच पोहत राहतो. असे किमान २०० हलते शुक्रजंतू मोजतात. निम्म्यांना किंवा जास्तींना मणी चिकटले तर ते महत्त्वाचं. फक्त शेपटीच्या टोकाला चिकटलेले धरत नाहीत. ही तपासणी आम्ही सरसकट करत नाही. वृषणाला पीळ पडला असेल, मार बसला असेल किंवा नसबंदी उलटवली असेल, तरच सांगतो. शुक्रजंतू वयात आल्यावर तयार होतात, म्हणून शरीराच्या प्रतिकारशक्तीला ते परके वाटतात. वृषणातला पेशींचा पडदा त्यांना रक्तापासून वेगळं ठेवतो. तो फाटला की अँटिबॉडी तयार होऊ शकतात.

आता औषधाचं. प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी स्टिरॉइड पूर्वी बरंच दिलं जायचं. डोस मोठा, तोही महिनोन्‌महिने, आणि गर्भ राहण्याचा फायदा खात्रीने दिसलेला नाही. उलट साखर, रक्तदाब वाढतो, पोटात अल्सर होतो, क्वचित खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते कायमचं निकामी होतं. मूल हवंय म्हणून आलेल्या धडधाकट तरुणाला हा धोका पत्करायला लावणं आम्हाला पटत नाही.

वीर्य धुऊनही प्रश्न सुटत नाही, कारण चिकटलेल्या अँटिबॉडी धुतल्याने निघत नाहीत. प्रमाण कमी असेल, पत्नीचं वय फार झालं नसेल आणि तिच्या गर्भनळ्या मोकळ्या असतील तर आययूआयची (धुतलेले शुक्रजंतू थेट गर्भाशयात सोडण्याची) तीनेक चक्रं करून पाहता येतात. प्रमाण जास्त असेल तर इक्सी, कारण त्यात एकच शुक्रजंतू थेट बीजात सोडतात आणि अँटिबॉडी आड येत नाहीत. इक्सी आमच्याकडे होत नाही, त्यासाठी मुंबई-पुणे किंवा कोल्हापूर गाठावं लागतं. ती सुचवण्यात आमचा फायदा नाही.

फाईल घेऊन दोघंही या, नीट बोलू. एक मात्र कराच: स्टिरॉइड काही आठवडे चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका. ज्यांनी दिलंय त्यांना विचारून डोस हळूहळू उतरवा.