नागपूर किती लांब? मिरजकर तिकटीवर एकमत नाही

बापूच्या पुतण्याला नागपूरची मुलगी केली, लग्नही तिकडंच. तेवढ्यावर काल रात्री कोल्हापुरात मिरजकर तिकटीच्या चौकात विषय पेटला : कोल्हापूर ते नागपूर अंतर किती?

"बाराशे किलोमीटर," आण्णा म्हणाले. आण्णा रेल्वेतून रिटायर, त्यांना जग रुळांवरूनच दिसतं. महाराष्ट्र एक्स्प्रेस पुणे, मनमाड, भुसावळ असा वळसा घेत नागपूर गाठते, पुढं गोंदियापर्यंत साडेतेराशेच्या घरात जाते. एकाच राज्यात एवढं पळणारी दुसरी गाडी नाही, हे ते येता-जाता ऐकवतात.

"रस्त्यानं नऊशेच्या आतबाहेर बसतंय, आण्णा," दिग्या म्हणाला. दिग्याच्या गाड्या भाड्यानं फिरतात. "सांगली, सोलापूर, तुळजापूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा. आता शक्तिपीठ महामार्ग झाला की..."

"ए, त्याचं नाव काढू नको!" बापूचं रान त्या महामार्गात जातंय. तो विषय निघाला असता तर रात्र गेली असती.

पिंट्यानं मोबाईल पुढं केला. सरळ रेषेत 700 किलोमीटर. "जेट ताशी 800 नं पळतंय. म्हणजे त्रेपन्न मिनिटं. मग तिकिटावर दीड तास कशाला लिहितात? फसवतात लेकाचे."

इथं संजा पेटला. तो उजळाईवाडीला विमानात सामान चढवतो. "तुझी त्रेपन्न मिनिटं कुठनं सुरू झाली? चाकाखालचे ठोकळे काढले की तिकिटाचं घड्याळ सुरू होतंय. तिकडं विमान जाग्यावर उभं राहिलं की बंद. मधे धावपट्टीच्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, परवानगीची वाट बघायची, हे सगळं त्यात आलं. आणि 800 चा वेग वर गेल्यावर. चढताना नि उतरताना कुठला मिळतोय? एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान असलं तर वर जाऊन पण पाचशेच."

"पण रेषा तर सरळ आहे की," पिंट्या हटेना.

"रेषा मोबाईलमधी. आपली धावपट्टी पूर्व-पश्चिम. विमान वाऱ्याच्या समोर उठतंय. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडनं, म्हणजे गगनबावड्याकडं तोंड करून उठायचं आणि मग गिरकी मारून नागपूरची वाट धरायची. पुढं पण ठरलेल्या हवाई मार्गानंच, मनाला येईल तसं न्हाई. शिवाय कंपन्या थोडी मिनिटं जास्तीचीच धरतात. उशीर झाला तरी वेळेत पोचलो म्हणायला."

हे शेवटचं मला एकदम पटलं. घोषणा होते "वेळेच्या आधी पोहोचलो", आणि माणसं कौतुकानं एकमेकांकडं बघतात!

आण्णांनी मात्र वेगळाच हिशेब काढला. घरातून विमानतळ, तिथं तासभर आधी हजर, उतरल्यावर बॅगांची वाट, सोनेगाव विमानतळाहून लग्नाच्या कार्यालयापर्यंत रिक्षा. दीड तासाचे चार-साडेचार झालेच. तरीही त्यांची गाडी एक दिवसाहून जास्त घेते, एवढं त्यांनी सोयीस्कर गिळलं.

बापू इतका वेळ गप्प होता. "त्या दिवशी थेट विमान आहे का, ते बघा की आधी."

पिंट्यानं बघितलं. नव्हतं. मुंबईला उतरून जायचं म्हटलं तर आधी तीनशे किलोमीटर उलट्या बाजूला, मग तिथून परत सातशेच्या जवळपास, आणि मधे विमानतळावर ताटकळत बसायचं ते वेगळंच.

"माणसं किती आहेत रे बापू?" दिग्यानं विचारलं, आणि टेम्पो ट्रॅव्हलरचा भाव सांगायला लागला.