खुलासा : फ्लिंटच्या पाण्यातलं शिसं नदीतून आलं नव्हतं

अमेरिकेतल्या फ्लिंट शहराबद्दल एक मजकूर फिरतोय : तिथल्या नदीतच शिसं होतं, त्यात कुणाचा दोष नाही. हे चूक आहे.

शिसं होतं ते घरांपर्यंत जाणाऱ्या जुन्या नळांमध्ये. आधी शहराला डेट्रॉईट शहरातून पाणी यायचं. त्या पाण्यात फॉस्फेट हे रसायन असायचं, त्याचा पातळ थर नळांना आतून झाकून ठेवायचा. एप्रिल 2014 मध्ये पैसे वाचवायला नदीचं पाणी सुरू केलं, तेव्हा नळ गंजू नयेत म्हणून घालायचं रसायन घातलंच नाही. थर सुटला, शिसं पाण्यात उतरलं. ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्स या मोटार कंपनीने इंजिनाचे भाग गंजतात म्हणून आपल्या तिथल्या कारखान्यात हे पाणी वापरणं बंद केलं. लोक मात्र तपकिरी पाण्याच्या बाटल्या दाखवत राहिले, आणि त्यांना सांगितलं गेलं की पाणी चांगलं आहे! आणखी वर्षभर मुलं तेच प्यायली. याचा मला आजही संताप येतो.

‘यात वर्णाचा काय संबंध?’ असंही त्या फिरणाऱ्या मजकुरात विचारलंय. संबंध आहे. शहरात निम्म्याहून जास्त वस्ती कृष्णवर्णीयांची, आणि कारभार मिशिगन राज्याने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती होता, लोकांनी निवडून दिलेल्यांच्या नव्हे. मिशिगनच्या नागरी हक्क आयोगानेच 2017 मध्ये या संकटाच्या मुळाशी व्यवस्थेतला वंशभेद असल्याचं नोंदवलं.